सावळ्या मुलांच्या त्वचेचे आजार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील आवाहनानंतर मुलांच्या त्वचेविषयी बरीच पत्रे आली. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. मुलाच्या कातडीचा रंग जरा बदलला की घरातली माणसे घाबरतात, पण त्या रंगाआडचा आजार मात्र पुष्कळदा नजरेतून सुटतो. याचा दोष पालकांना देता येणार नाही. त्वचारोगांची जी वर्णने आपण वाचतो आणि ज्या छायाचित्रांवरून डॉक्टरही शिकतात, ती बरीचशी गोऱ्या कातडीवरची असतात. तेथे दाह लाल दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तोच दाह जांभळट, राखाडी किंवा नुसताच आणखी गडद दिसतो. २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांसह गडद त्वचेवरील लक्षणांची सचित्र पुस्तिका तयार केली, तेव्हा या उणिवेकडे अनेकांचे लक्ष गेले. भारतात तर बहुसंख्य मुलांची त्वचा याच वर्णाची आहे, म्हणून हा विषय आपल्यासाठी अधिकच जवळचा. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. दोन्ही गालांवर फिकट पांढुरके चट्टे आले आहेत. शेजारी म्हणतात, कॅल्शियम कमी आहे. कोणी म्हणते, पोटात जंत असतील. सासूबाईंना मात्र कोडाची धास्ती वाटते आणि त्या रोज मुलीचा चेहरा उजेडात धरून पाहतात. काय करावे? (भांडुप)

आपल्या वर्णनावरून हे चट्टे ‘पिटिरियासिस आल्बा’ या अगदी सामान्य आणि निरुपद्रवी प्रकारातले असावेत. साधारण तीन ते सोळा या वयात, विशेषतः ज्या मुलांची त्वचा मुळात कोरडी असते किंवा ज्यांच्या घरात दमा, सर्दीची ॲलर्जी वा इसब आहे, त्यांच्या गालांवर आणि कधी दंडांवर ते येतात. सुरुवातीला तेथे अगदी सौम्य दाह होतो. तो गोऱ्या मुलाच्या गालावर गुलाबी दिसतो. सावळ्या मुलाच्या गालावर कोणाच्या लक्षातही येत नाही. दाह शमल्यावर त्या जागी रंगद्रव्य काही काळ कमी तयार होते आणि आसपासची त्वचा उन्हाने रापली की चट्टा उठून दिसू लागतो. म्हणूनच मे महिन्याच्या सुट्टीत मूल गावी उन्हात खेळून आले की जूनमध्ये शाळा उघडताना अशा तक्रारी वाढतात.

कॅल्शियमच्या कमतरतेने असे चट्टे येत नाहीत. जंतांचाही त्यांच्याशी संबंध नाही. शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळी मुलीला अवश्य द्यावी, पण ती पोटासाठी. चट्टे जावेत म्हणून नव्हे. कॅल्शियमच्या गोड गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ घालून चट्टे आपोआप गेले, तर श्रेय गोळ्यांना मिळते आणि तो समज पुढच्या घरी पोहोचतो.

आता सासूबाईंच्या धास्तीविषयी. ती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही, कारण आपल्या समाजात कोड असलेल्या मुलीला काय सोसावे लागते हे त्यांनी पाहिलेले असते. दोहोंतला फरक घरीही बऱ्याच अंशी ओळखता येतो. मुलीला खिडकीशी बसवून चट्ट्याची कड पाहावी. पिटिरियासिस आल्बाची कड अस्पष्ट असते, चट्टा कोठे संपतो हे नेमके सांगता येत नाही, रंग फिकट असतो पण पूर्ण गेलेला नसतो आणि बोटाच्या टोकाने हलकेच चोळले तर बारीक पांढरा कोंडा निघतो. कोडाचा डाग याउलट पांढराशुभ्र, रेखीव कडेचा आणि स्पर्शाला गुळगुळीत असतो. त्यातील केसही कधी पांढरे होतात. शंका उरली तर त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत ‘वुड्स लॅम्प’ या विशिष्ट दिव्याखाली पाहतात. त्या प्रकाशात कोडाचा डाग निळसर पांढरा चमकतो. आणि समजा कोड निघालेच, तरी तो संसर्गाने पसरणारा आजार नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा रंगपेशींवर उलटल्याने तो होतो. मुलांमध्ये, त्यातही चेहऱ्यावर, लवकर सुरू केलेल्या मलमांचा आणि प्रकाशोपचाराचा गुण चांगला येतो.

तिसरी शक्यता कुष्ठरोगाची, आणि महाराष्ट्रात राहून ती मनातून काढून टाकता येत नाही. फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होणे, तेथे घाम न येणे, केस विरळ होणे ही त्याची लक्षणे. मात्र चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने तेथे बधिरता सहज लक्षात येत नाही, म्हणून सहा महिन्यांत न बदललेला किंवा वाढत चाललेला चट्टा डॉक्टरांना दाखवायलाच हवा. कुष्ठरोगाची औषधे सरकारी यंत्रणेतून विनामूल्य मिळतात, सहा ते बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो आणि वेळेवर सुरू केल्यास व्यंग येत नाही.

आपल्या मुलीसाठी सध्या एवढेच करावे. चेहऱ्याला साबण लावणे थांबवावे, आंघोळीनंतर ओलसर त्वचेवर बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावावे आणि उन्हात जाताना टोपी द्यावी. चट्टे पुसट व्हायला काही महिने, कधी वर्षही लागते. चट्टे छातीवर, पाठीवर किंवा मानेवर असतील आणि घामाच्या दिवसांत वाढत असतील, तर ती शिबं असण्याची शक्यता अधिक. ती बुरशीमुळे होतात आणि त्यांचे औषध वेगळे आहे.

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. गुडघ्यांवर, कोपरांवर आणि मनगटांवर कातडी काळी, जाड आणि खरखरीत झाली आहे. रात्री इतका खाजवतो की चादरीवर रक्ताचे डाग पडतात. एका डॉक्टरांनी ‘लाली नाही, म्हणजे एक्झिमा नाही, नुसता कोरडेपणा आहे’ असे सांगितले. दुसऱ्यांनी स्टेरॉइडचे मलम दिले, पण ते लावायची भीती वाटते. (लालबाग)

चादरीवर रक्त दिसण्याइतकी खाज असणाऱ्या आजाराला नुसता कोरडेपणा म्हणता येणार नाही. आपण केलेले वर्णन ॲटोपिक एक्झिम्याचे, म्हणजे इसबाचे आहे, आणि ते आपल्याकडच्या त्वचेवर जसे दिसते तसेच आहे. पुस्तकात तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत लाल चट्ट्यांच्या रूपाने वर्णिलेला असतो. गडद त्वचेच्या मुलांमध्ये मात्र तो पुष्कळदा सांध्यांच्या बाहेरच्या बाजूला येतो, केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या उठतात आणि खाजवून खाजवून कातडी लवकर जाड होते. रंग जांभळट, राखाडी किंवा काळपट असतो. आजाराची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित गुणपद्धतींत लालीला गुण असल्यामुळे अशा मुलांचा आजार आहे त्यापेक्षा सौम्य ठरतो आणि उपचारही अपुरे मिळतात. त्वचेच्या वर्णाचे सर्वाधिक वापरले जाणारे वर्गीकरण अमेरिकेतील डॉ. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडले. त्यात आधी गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. शास्त्राची नजर कोणत्या कातडीवर घडली, हे एवढ्यावरून कळते.

म्हणून अशा त्वचेची तपासणी हाताने करावी लागते. बोटांच्या मागच्या बाजूने चट्टा आणि शेजारची निरोगी त्वचा आळीपाळीने स्पर्शून पाहावी. दाह असलेली जागा गरम आणि किंचित फुगीर लागते. मुलाची झोप किती मोडते, हेही तीव्रतेचे फार विश्वासार्ह माप आहे आणि ते डॉक्टरांपेक्षा आईवडिलांनाच नीट ठाऊक असते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

स्टेरॉइडच्या भीतीविषयी स्पष्ट बोलतो. योग्य ताकदीचे मलम, योग्य जागी, ठरलेले दिवस लावले तर ते सुरक्षित आहे. चेहऱ्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का यासारखे सौम्य मलम आणि गुडघ्याच्या जाड कातडीसाठी त्याहून वरच्या ताकदीचे मलम डॉक्टर देतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ते मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी चिमूटभर लावून दोन दिवसांत थांबवले की आजार धुमसत राहतो, आणि गडद त्वचेवर काळे डाग मागे ठेवतो तो हाच धुमसणारा दाह. मलम लावल्यावर कधी त्या जागी फिकटपणा येतो. पालक त्याला औषधाचा दुष्परिणाम समजतात. बहुतेक वेळा तो बऱ्या झालेल्या इसबाचाच मागे राहिलेला फिकटपणा असतो आणि काही महिन्यांत भरून येतो.

मलमाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मॉइश्चरायझरला आहे. मुंबईची हवा दमट, मग ते कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु इसबाच्या मुलाची त्वचा ओलावा धरूनच ठेवू शकत नाही, आणि पंख्याखाली किंवा एसीत झोपल्यावर तो आणखी उडतो. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकावी, अंग टिपावे आणि लगेच भरपूर मॉइश्चरायझर लावावे. खर्च परवडत नसेल तर खोबरेल तेल चालते, मोहरीचे तेल मात्र नको. पावसाळ्यात घरात वाळत घातलेले दमट कपडे आणि ऑक्टोबरमधला घाम या दोन्हींनी खाज वाढते, तेव्हा सुती, सैल आणि पूर्ण वाळलेले कपडे घालावेत.

एक खात्री मात्र करून घ्यावी. घरातल्या आणखी कोणाला रात्री खाज सुटते का, मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या आहेत का? तसे असेल तर ती खरूज असू शकते. तिच्यासाठी परमेथ्रिनचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावून आठवड्याने पुन्हा लावावे लागते, आणि खरजेवर नुसते स्टेरॉइड लावले तर ती दबून पसरते.

प्रश्न : नातवाच्या कमरेवर जन्मापासून निळसर काळा डाग आहे. पाळणाघरातल्या बाईंनी ‘बाळाला कोणी मारले का’ असे विचारले. सुनेला फार वाईट वाटले. (गिरगाव)

हा ‘मंगोलियन स्पॉट’ या नावाने ओळखला जाणारा जन्मडाग असावा. गर्भावस्थेत त्वचेच्या वरच्या थराकडे निघालेल्या काही रंगपेशी खोलवरच राहून जातात आणि वरून निळसर दिसतात. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांत तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, दुखत नाही आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुधा पुसट होतो. माराचा वण काही दिवसांत हिरवट, पिवळसर होत जातो. हा डाग आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. पाळणाघरातल्या बाईंनी विचारले ते बाळाच्या काळजीनेच, असे सूनबाईंना सांगावे आणि बालरोगतज्ज्ञांकडून लसीकरणाच्या कार्डावर डागाची जागा आणि आकार लिहून घ्यावा, म्हणजे पुढे कोणी विचारले तर कार्ड दाखवता येईल.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची, रंगाने सावळी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी नात्यातल्या एका बाईंनी पार्लरमधून आणलेले गोरेपणाचे क्रीम दिले. महिनाभरात चेहरा उजळला, पण आता लावले नाही की आग होते, गालांवर बारीक लाल रेषा दिसतात आणि लव वाढली आहे. (कांदिवली)

हे क्रीम आजच बंद करावे आणि डबीसह त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. आग, केशवाहिन्यांच्या रेषा आणि वाढलेली लव ही चेहऱ्यावर तीव्र स्टेरॉइड लागल्याची लक्षणे आहेत. आपल्या देशात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचे स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे गोरेपणासाठी सर्रास वापरली जातात. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना ‘शेड्यूल एच’मध्ये आणले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती काउंटरवर मिळतात आणि घराघरांत एकमेकींना दिली जातात. मुलांची त्वचा पातळ असल्याने स्टेरॉइड रक्तात अधिक उतरते आणि दीर्घकाळ लावल्यास वाढीवरही परिणाम होऊ शकतो. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आणखी बिघडल्यासारखा वाटेल. त्या काळात पुन्हा क्रीमकडे वळू नये, म्हणूनच डॉक्टरांची सोबत हवी.

डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक नसेल तर आणखी एक धोका संभवतो, तो पाऱ्याचा. पारा रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, त्यामुळे चेहरा झपाट्याने उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांवर आघात करतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशा क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार झालेले रुग्ण आढळले होते. म्हणून मुलीची लघवी तपासून तिच्यात प्रथिने जातात का हे पाहून घ्यावे. डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज असेल तर ही तपासणी उद्यावर टाकू नये.

याच विषयावर नवजात बाळांना डाळीचे पीठ, हळद आणि साय चोळून लव आणि रंग काढण्याविषयी दोन पत्रे आली आहेत. बाळाचा जन्मतः असणारा रंग पहिल्या काही महिन्यांत गडद होतो, कारण रंगपेशी तेव्हा पूर्ण कामाला लागतात. तो चोळण्याने थांबत नाही. नाजूक त्वचा मात्र सोलवटते आणि तेथून जंतूंना वाट मिळते. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेतील रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक त्या तयार करतात त्या रंगकणांच्या आकारात आणि मांडणीत असतो. त्यात बिघडलेले काही नसते, म्हणून दुरुस्तीही नसते. बारा वर्षांच्या मुलीला तिच्या रंगाबद्दल घरातल्या माणसांनीच कमीपणा देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलाची मान काळी पडली आहे. रोज घासणीने घासते, लिंबूही लावून पाहिले. मळ निघत नाही. (मुलुंड)

तो मळ नाही, म्हणून निघत नाही. घासणे आणि लिंबू दोन्ही बंद करावेत. त्यांनी काळेपणा वाढतो. मानेच्या मागची त्वचा काळी, जाडसर आणि हाताला मखमलीसारखी लागत असेल, तसेच काखेतही तसाच पट्टा असेल, तर त्याला ‘ॲकँथोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा रक्तातील इन्सुलिन वाढते आणि त्याच्या प्रभावाने तेथील त्वचेच्या पेशी जास्त वाढतात. मधुमेहाची वाट सुरू होण्याआधी मिळणारी ही सूचना आहे, आणि ‘अंघोळ नीट करत नाही’ म्हणून मुलाला रागावण्यात ती वाया जाते.

मुलाचे वजन, उंची आणि कमरेचा घेर मोजून घ्यावा. उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी) या रक्तचाचण्या कराव्यात. आजी-आजोबांना मधुमेह असेल तर अधिकच. गोड पेये, बिस्किटे, शाळा सुटल्यावरचा रोजचा वडापाव कमी करावा आणि क्लासच्या वेळापत्रकात मैदानाचा एक तास राखून ठेवावा. वजन आटोक्यात आले की मान हळूहळू उजळते.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. २०२२ साली आमच्या भागात गोवराची साथ होती. सावळ्या मुलांच्या अंगावर पुरळ लवकर दिसत नाही आणि आई म्हणते, ‘नुसता ताप आहे, घामोळे आले आहे.’ ओळखावे कसे? (गोवंडी)

आपल्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार, कारण येथे पुरळ न ओळखल्याची किंमत फार मोठी असते. गोवरात आधी तीन-चार दिवस चढता ताप, कोरडा खोकला, वाहते नाक आणि चिपडे धरलेले लाल डोळे असतात. पुरळ त्यानंतर येते आणि कानांच्या मागून, केसांच्या रेषेपासून सुरू होऊन चेहऱ्यावर, मग छातीपोटावर आणि शेवटी हातापायांवर उतरते. घामोळ्यात हा क्रम नसतो, डोळे लाल नसतात आणि खोकलाही नसतो.

मुलाला दाराशी किंवा खिडकीशी बाजूने उजेड पडेल असे बसवावे. समोरून विजेरी मारली तर सपाट उजेडात उंचवटे दिसत नाहीत. कानामागे आणि कपाळावर बोटे फिरवावीत. पुरळ डोळ्यांना दिसण्याआधी खरखरीत लागते. ते लालऐवजी गडद तपकिरी दिसेल, हे मनात धरूनच पाहावे. तोंड उघडायला लावून गालांच्या आतल्या बाजूला दाढांसमोर बारीक पांढरे ठिपके आहेत का ते पाहावे. गालांच्या आतल्या त्वचेवर रंगद्रव्य बहुधा कमी असल्याने तेथे वर्णाची अडचण फारशी येत नाही. हाच नियम इतर आजारांनाही लागू आहे. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, फिकेपणा खालच्या पापणीच्या आत, आणि डेंगीसारख्या तापातील रक्ताचे ठिपके तळहात, तळपाय व तोंडातील टाळूवर पाहावेत. पारदर्शक काचेच्या पेल्याने दाबूनही न पुसले जाणारे ठिपके असतील, तर मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

गोवराचा संशय येताच मुलाला घरी वेगळे ठेवायला सांगावे, कारण पुरळाच्या आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस संसर्ग पसरतो. ‘अ’ जीवनसत्त्वाचे वयानुसार दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायचे असतात. त्यांनी डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. मूल जलद श्वास घेत असेल, अंगावर पिणे सोडले असेल, गुंगीत असेल किंवा झटके आले असतील, तर थांबू नये. घरातल्या धाकट्या भावंडांना गोवर-रुबेला लसीचे नवव्या महिन्यानंतरचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला असे दोन्ही डोस मिळाले आहेत का, ते कार्ड मागून पाहावे. चिठ्ठीत ‘पुरळ नाही’ असे लिहिण्याऐवजी ताप कोणत्या तारखेला आला, बोटांना पुरळ कोठे लागले आणि लसीचे किती डोस झाले, हे लिहून मुलाला महापालिकेच्या दवाखान्यात पाठवावे, म्हणजे तेथील डॉक्टर रक्ताचा नमुना वेळेत घेऊ शकतील.